बाकी पत्रवाहक समक्ष सांगेल

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या दारातल्या चपला काही कमी झाल्या नाहीत. सकाळी चहा पुढ्यात येतो न येतो तोच फाटक वाजतं आणि कुणीतरी हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभं असतं. पिशवीत आधारकार्डाची झेरॉक्स, दहावीचं मार्कशीट, आणि तोंडी एकच वाक्य : "सर, एक चिठ्ठी पाहिजे होती." कुणाला बिरवाडीला कारखान्यात कंत्राटदाराकडे लागायचं असतं. कुणाच्या मुलीला मुंबईत वसतिगृह हवं असतं. दासगावचा एखादा मुलगा आखातात निघालेला असतो आणि त्याला, हा मुलगा सचोटीचा आहे आणि मी त्याला लहानपणापासून ओळखतो, असं इंग्रजीतून हवं असतं. मी त्याला त्या सकाळी पहिल्यांदा पाहत असतो.

तरी मी लिहितो. नाही म्हणायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते आता उरलेलं नाही. चिठ्ठी लिहून देणं नाही म्हणण्यापेक्षा कमी दमवणारं आहे, एवढंच माझ्या परोपकाराचं मूळ. बायको आतून म्हणते, "लष्करच्या भाकऱ्या भाजायलाच पेन्शन देतं का हो सरकार तुम्हाला?" आणि मग आलेल्या माणसाला चहाही तीच आणून देते.

नुसत्या सहीवर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. "सर, शिक्का?" असं प्रत्येक जण विचारायचा. शेवटी कंटाळून मी बाजारात जाऊन एक रबरी शिक्का करून घेतला. गोल, मधे 'निवृत्त प्राध्यापक, इतिहास', कडेने महाड, जिल्हा रायगड. निवृत्तीचा शिक्का मारून घेऊन लोक समाधानाने जातात. ज्याला कसलाच अधिकार उरलेला नाही त्याचा शिक्का चालतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

महाडच्या कॉलेजात मी जो पेपर सर्वांत जास्त वर्षं शिकवला तो मध्ययुगीन युरोपचा. तो मी मागितला नव्हता आणि मुलांनी तर नक्कीच नाही. त्यात बायझंटाइन साम्राज्याला जेमतेम दोन तास. पण पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एकदा मला त्या काळच्या चर्चच्या मंडळींच्या पत्रांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं आणि मी त्यात अडकलो तो अडकलोच. पुढे एका पुरात ते खालच्या फळीवर होतं म्हणून भिजलं. गच्चीवर वाळवलं, तेव्हापासून त्याची पानं पापडासारखी वाकलेली आहेत आणि ते मिटत नाही.

त्या पुस्तकातले बिशप म्हणजे राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, शिकलेले हुशार लोक. मग त्यांना दूर कुठल्या डोंगरी गावात धर्मगुरू म्हणून पाठवलं जायचं आणि उरलेला जन्म ते तिथेच काढायचे. रस्ते वाईट, थंडी वाईट, दारू त्याहून वाईट, बोलायला माणूस नाही, अशी त्यांची रड. आणि दारात माणसं, चिठ्ठी मागायला. या पाद्र्याला कामावर घ्या, त्या विधवेच्या भाच्यावरचा कर माफ करा, हा माझा शिष्य गुणी आहे, त्याला तुमच्या पंखाखाली घ्या. ते बिचारे राजवाड्यातल्या जुन्या मित्रांना लिहीत राहायचे. मित्र उत्तर पाठवायचे नाहीत, हेही ते पुढच्या पत्रात लिहायचे. पहिल्या वाचनातच मला हे लोक नातेवाईक वाटले.

त्यांच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या. एक म्हणजे त्यांचा नियम : एका गावच्या पाद्र्याला दुसऱ्या गावी ठेवून घ्यायचं तर त्याच्या मूळच्या बिशपचं पत्र लागायचं. या माणसाला आम्ही राजीखुशीने सोडलं आहे, असं. ते नसेल तर माणूस कितीही पुण्यवान असो, बाहेर. दुसरी म्हणजे त्यांची पत्रं वाचून माणूस पार गोंधळून जातो, कारण खरं काम त्यात नसतंच. पत्रभर माया, स्तुती आणि अलंकार. काम काय ते पत्र घेऊन जाणाऱ्याने तोंडाने सांगायचं. कागद कुणाच्याही हाती पडू शकतो, म्हणून असेल. किंवा कामाचं बोलणं लिहिणं त्यांना हलकं वाटत असेल. आपल्याकडे काय वेगळं होतं? माझ्या वडिलांचं प्रत्येक पत्र 'बाकी मजकूर पत्रवाहक समक्ष सांगेल' या ओळीवर संपायचं. मीही तीच ओळ लिहितो. शिक्क्याच्या वर ती शोभून दिसते.

गुरव आला तो दिवाळीनंतरच्या एका सकाळी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे चढून गेलं की एक वाडी आहे. गुरंढोरं, थोडी नाचणी-वरी, आणि बरीचशी कुलपं. तरणीताठी माणसं मुंबईला. वाडीच्या टोकाला देवीचं देऊळ आणि त्या देवळाचा हा गुरव. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याआधी आजा. शिमग्याला वाडी भरते तेव्हा देवीच्या अंगणात त्याचा शब्द शेवटचा. एरवी तो, त्याची बायको आणि देवी. माझी त्याची ओळख जुनी. कॉलेजची मुलं घेऊन मी त्या देवळातल्या वीरगळी बघायला जायचो, तेव्हा त्याची बायको आम्हाला ताक द्यायची.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, उंच, खांद्यावर टॉवेल. खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. देवीचं सगळं बोलतो, स्वतःचं बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसते. पावसाचं झालं, गुरांच्या लसीचं झालं, माकडांचं झालं. माझा चहा गार झाला. शेवटी माझ्या बायकोने त्याला आत स्वयंपाकघराच्या दारापाशी बोलावून विचारलं तेव्हा कळलं. गुरवीणबाईच्या छातीत गाठ निघाली होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाने काही महिन्यांचे उपचार सांगितले होते. रोज जा-ये करायची, पण राहायचं कुठे? एक भाचा होता, त्याच्या एका खोलीत आधीच पाच माणसं. इस्पितळाबाहेर फुटपाथवर झोपणारे लोक त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आणि मुंबईच्या एका उपनगरात देवीचंच एक देऊळ होतं. पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांनी बांधलेलं, विश्वस्त सगळे आपल्याच डोंगरातले. त्यांना पुजारी हवा होता. पगार म्हणजे नावापुरता, पण देवळामागे एक खोली होती. नळ आत, संडास आत. इस्पितळात जायला एक बस.

"ती खोली भेटली तर ही वाचंल," गुरव म्हणाला. त्या दिवशी त्याने बोललेलं स्वतःचं असं हे एकच वाक्य.

विश्वस्तांची अट मात्र थेट माझ्या बिशपांची होती. आमच्याकडे या, पण तुमच्या गावकीचं पत्र आणा. उद्या कुणी म्हणायला नको की आम्ही दुसऱ्याच्या देवीचा गुरव पळवला. शिवाय कुणा शिकल्यासवरल्या माणसाचं शिफारसपत्र आणा. ते मागायला तो माझ्याकडे आला होता.

मी पेन उघडलं आणि म्हटलं, आजाराचं लिहितो, म्हणजे त्यांनाही घाई कळेल. तो एकदम उठून उभा राहिला.

"नको सर. तेवढं नको. कागद वाचला जातो. लोक काय बोलतील? देवीच्या गुरवाच्या घरात ही गाठ आली कशी? काय चुकलंय तिचं, असं बोलतील. ती आधीच निम्मी झालीय."

"मग गावकीला काय सांगणार?"

"त्ये मी बोलतो. तोंडानं बोलतो."

मला ते पटलं. पटायला सोपं होतं, कारण माझ्या पुस्तकातही तसंच होतं. मी कागदभर स्तुती लिहिली. माझा हात त्यात बसलेला आहे. तीन पिढ्यांची सेवा. निर्व्यसनी. ऊन-पाऊस-वादळ, आजवर देवीपुढचा दिवा एक दिवसही चुकलेला नाही. असा गुरव मिळणं हे कोणत्याही देवस्थानाचं भाग्य. बाकी मजकूर पत्रवाहक समक्ष सांगेल. खाली शिक्का. लिहून झाल्यावर मीच एकदा वाचलं आणि बरं वाटलं. पुष्कळ दिवसांत मी कुणाबद्दल खरं असलेलं काही लिहिलं नव्हतं.

वाडीत एक रीत आहे, ती मला माहीत होती आणि ऐन वेळी आठवली नाही. देवीच्या संबंधातला कुठलाही कागद गावाबाहेर जायचा असेल तर तो आधी देवीपुढे, गावकी बसवून, मोठ्याने वाचायचा. मुंबईच्या विश्वस्तांसाठी लिहिलेली माझी स्तुती पहिल्यांदा ऐकली ती गावकीने. वाडीत उरलेली चार-सहा म्हातारी माणसं, आणि फोनवरून मुंबईला गेलेली वाडीची मंडळी. त्यांनी ऐकलं आणि सगळ्यांचं एकमत झालं, जे त्या वाडीत फार क्वचित होतं. एवढा गुणी माणूस सोडायचा कसा?

आठवड्याने गुरव पुन्हा माझ्या पायरीवर.

"सर, लई चांगलं लिवलंत," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आता जरा कमी करून लिवा."

"म्हणजे?"

"म्हंजे, झोपतो म्हनून लिवा. इसरतो म्हनून लिवा. असल्या मानसाला जाऊ दे, असं वाटंल असं."

"आणि तेच पत्र मुंबईला गेलं तर ते तुम्हाला दारात तरी उभं करतील का?"

त्याने विचार केला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत होती. मी विचारलं, आजाराचं तुम्ही बोललात ना गावकीत? तो पायाच्या अंगठ्याने पायरीवरची माती उकरत राहिला. बोलला नव्हता. कागद वाचून झाल्यावर गावकीच्या आबांनी, म्हणजे वाडीतल्या सर्वांत वयस्कर माणसाने, 'बाकी मजकूर काय रे?' असं विचारलंही होतं. आणि हा म्हणाला होता, 'काय नाय.' तेव्हा सगळे धरून चालले की गुरवालाही आता मुंबईची हवा हवीशी झाली आहे.

मला त्याचा राग आला. माझाही आला. आणि सगळ्यात जास्त राग आला तो त्या वाकलेल्या पानांच्या पुस्तकाचा. त्या बिशपांना शंका कशी आली नाही, की पत्रवाहकाच्या तोंडून शब्दच फुटला नाही तर?

माझी बायको म्हणाली, "नुसतं चरफडून काय होणार? तुम्ही जा वर." मला चढ चढवत नाही, गुडघे दुखतात, डॉक्टरने जिनासुद्धा मना केलाय, हे सगळं मी सांगून पाहिलं. तिने माझी कानटोपी काढून ठेवली.

गावकी रविवारी बसली, कारण मुंबईच्या लोकांना सुट्टी. पोलादपूरहून जीपने रस्ता संपेपर्यंत आणि तिथून पुढे काठी टेकत, दर वळणावर बसत मी पोचलो तेव्हा देवळाच्या अंगणात घोंगड्या टाकून झाल्या होत्या. फोनला रेंज फक्त दीपमाळेपाशी येते. म्हणून फोन दीपमाळेच्या चौथऱ्यावर ठेवून स्पीकर लावलेला, आणि निम्मी गावकी त्या फोनमधून खोकत, बोलत, मधेच तुटत बसलेली. तिकडे मुंबईत कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. गुरव खांबाला टेकून उभा. गुरवीणबाई देवळाच्या पडवीत एका बाजूला, पदर घट्ट घेऊन, मांडीवर कापूस ठेवून वाती वळत होती. मला पाहून ती उठली, ताक आणायला वळली, आणि चालता चालता भिंतीला हात लावून थांबली. ते मी पाहिलं. इतर कुणी पाहिलं नाही.

आबा म्हणाले, "सर, तुमीच लिवलंय, एक दिवस दिवा चुकला नाय. मंग असा मानूस आमी सोडावा का?"

फोनमधून एक आवाज म्हणाला, "गुरव गेला तर देवी बंद ठेवायची का? आम्ही शिमग्याला यायचं कशाला?"

"वर्षातनं एकदा येनार आनि रोजचा दिवा तेनं लावायचा," घोंगडीवरची एक म्हातारी पुटपुटली. पण ते फोनपर्यंत पोचलं नाही.

मी बोलायला तोंड उघडलं. सभेत बोलायची मला सवय आहे, तेवढंच तर आयुष्यभर केलं. खांबापाशी उभ्या गुरवाने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. नको. माझ्या तोंडात आलेलं वाक्य तसंच राहिलं. दुसऱ्याच्या बायकोचा आजार मी चव्हाट्यावर मांडायचा, तिच्या देखत, तिच्या नवऱ्याने नको म्हटल्यावर, हे मला जमलं नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. परिस्थिती, अडचण, सहानुभूती. कॉलेजातली मुलं झोपायची ती अशाच वाक्यांना.

तेव्हा पडवीतून गुरवीणबाई म्हणाली, "सर, त्या कागदात माजं काय लिवलंय का?"

सगळे तिकडे वळले. तिने आवाज चढवला नव्हता.

"तुमचं नाही," मी म्हटलं.

"सगळं तेंचंच हाय. तेल तेंनी घातलं, दिवा तेंनी लावला." तिने मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. "आबा, मला गाठ आलीय. हितं. मोठ्या दवाखान्यात दावली. ह्ये सांगत न्हवते कारन तुमी मला बोल लावाल म्हनून. आता लावा."

फोनमधलाही कुकर थांबल्यासारखा वाटला. मला वाटतं रेंज गेली असावी. आबांनी बराच वेळ काठीने घोंगडीची सुरकुती सारखी केली.

"येडी का काय गो तू," ते शेवटी म्हणाले. "आजाराला कोन बोल लावतंय? माजी म्हातारी गेली ती काय पापानं गेली?" आणि मग गुरवाकडे वळून, जास्त रागाने, "आनि तू रे? शिमग्याला देवीचं गाऱ्हानं घालताना आख्ख्या गावाचं दुखनं बोलतोस. घरचं बोलाया काय झालं तुला?"

गुरव टॉवेलने तोंड पुसत राहिला.

दिव्याची वाटणी तिथेच झाली. वाडीत उरलेल्या घरांनी पाळीपाळीने देवीला दिवा लावायचा, तेल मुंबईकरांनी पाठवायचं. ते कबूल करताना फोनमधले आवाज जरा बारीक झाले. सोडल्याचं पत्र मी तिथेच मांडीवर लिहिलं. दोन ओळींचं. यांच्या पत्नी आजारी आहेत. यांना आम्ही राजीखुशीने सोडत आहोत. सर्वांनी अंगठे उठवले, सह्या केल्या. 'बाकी मजकूर' लिहायला हात गेला होता, तो मी आवरला. निघताना गुरवीणबाईने आबांच्या पुढे एक पत्र्याचा डबा ठेवला. "वाती वळून ठेवल्यात," ती म्हणाली. "तुमाला कुटं येतात वळाया."

त्यानंतर हिवाळा गेला, उन्हाळा गेला. अधूनमधून फोन यायचा. खोली चांगली आहे. नळाला पाणी दोन वेळा येतं. तिचे केस गेले, पण खाते आता बरं. विश्वस्त भले आहेत. मी माझ्या चिठ्ठ्या लिहीत होतो. खरं सांगायचं तर या एका चिठ्ठीने मला थोडी उभारी दिली होती, की बाबा रे, हजार फुकट गेल्या तरी एखादी लागू पडते. पावसाळा सुरू झाल्यावर फोन कमी झाले. मीही केला नाही. पाणी वाढलं की महाडात माणसाला दुसरं काही सुचत नाही. पुस्तकं वरच्या फळीवर नेण्यात माझे दिवस गेले.

नवरात्राच्या थोडं आधी फाटक वाजलं. गुरव एकटाच होता. डोकं भादरलेलं होतं, नव्याने केस फुटत होते. बायको बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेली. तो नेहमीच्या पायरीवर बसला.

"खोलीतच गेली," तो म्हणाला. "फुटपाथावर नाय गेली. तुमच्यामुळं."

मला रडू आलं. या वयात ते पटकन येतं आणि लवकर थांबत नाही.

मग त्याने खिशातून कागद काढला. त्याला वाडीत परत जायचं होतं. आणि परत जायलाही रीत होती. तिकडून राजीखुशीने सुटल्याचा कागद आणायचा आणि तो देवीपुढे वाचायचा. मुंबईच्या सेक्रेटरीने तो प्रेमाने करून दिला होता, संगणकावर, विश्वस्तांच्या शिक्क्यासह. मी वाचायला लागलो आणि मला माझंच अक्षर छापलेलं दिसायला लागलं. निर्व्यसनी. ऊन-पाऊस-वादळ. देवीपुढचा दिवा एक दिवसही चुकलेला नाही. बाकी मजकूर पत्रवाहक समक्ष सांगेल. त्या भल्या माणसाने माझं जुनं पत्र समोर ठेवून, फक्त गावाचं नाव बदलून, सगळं उतरवून काढलं होतं. चांगलं पत्र म्हणून.

"सर, ही ओळ खोडा," गुरव म्हणाला. त्याचं बोट बरोबर दिव्याच्या ओळीवर होतं.

"का?"

"खोटी हाय. शेवटाला मी देवळात गेलोच नाय. तिच्यापाशी बसून होतो. दिवा दुसऱ्यानं लावला, लावला का नाय ते पन मला ठावं नाय."

"अहो, कोण विचारतंय? चांगलं लिहिलंय तर राहू द्या."

"नाय सर." तो इतका ठाम बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "जलमभर दिवा चुकवला नाय, त्ये बापानं शिकवलं म्हनून. तितं मी माज्या मनानं चुकवलाय, तिच्यासाठी. तेवढं तरी माज्या नावावर ऱ्हाऊ दे."

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. दुसऱ्याच्या शिक्क्याचा कागद मला खोडता येत नाही, हे त्याला सांगितलं. हे खरंच होतं. पण त्याहून खरं हे होतं की, खोडून जी जागा रिकामी होईल तिथे काय लिहायचं ते मला सुचत नव्हतं. इतकी वर्षं माणसांना चांगलं म्हणण्यात घालवली, आणि या माणसाला लागू पडेल असा शब्द माझ्यापाशी नव्हता.

"मग मी बोलतो," तो म्हणाला.

मी पुन्हा वर गेलो. या वेळी बायकोने सांगायच्या आधी कानटोपी मीच घेतली. तीच घोंगडी, तोच दीपमाळेवरचा फोन. कागद मी मोठ्याने वाचला. दिव्याची ओळ आली तेव्हा माझा आवाज जरा खाली गेला. मग शेवटची ओळ वाचली, बाकी मजकूर पत्रवाहक समक्ष सांगेल, आणि थांबलो. आबांनी मागच्यासारखंच विचारलं, "बाकी मजकूर काय रे?"

गुरव खांबापासून पुढे आला. देवीकडे तोंड करून, गाऱ्हाणं घालताना उभा राहतो तसा उभा राहिला, आणि म्हणाला की कागदात खोटं आहे. दिवा चुकला. ती जायला टेकली होती आणि म्हणत होती, उठा, दिव्याची वेळ झाली. तो उठला नाही. तिचा हात धरून बसला. देवीने रागवायचं तर त्याच्यावर रागवावं, तिच्यावर नाही. तिने सगळ्या जन्मात कुणाचं काही चुकवलं नाही. एवढं बोलून त्याने देवीला हात जोडले.

मग आबा म्हणाले, "आमचा पन चुकला. पावसात. वढ्याला पानी होतं, मी आलोच नाय. कुनाला बोललो नाय." घोंगडीवरची म्हातारी म्हणाली, "माजा पन." फोनमधून कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं, ऐकू येत नाय. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

आबांनी देवळाची किल्ली काढून गुरवाच्या हातात दिली आणि पडवीच्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे तो पत्र्याचा डबा होता. गुरवाने झाकण उघडलं. तळाला अजून वाती होत्या, एकसारख्या, तिच्या हातच्या. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने एक उचलली, झाकण घट्ट लावलं आणि आत गेला.

आबा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सर, ह्या संपल्यावर तेला वळाया शिकवावं लागंल. तुमच्या मंडळींना येत आसंल ना?"

येतं, मी म्हटलं. खाली उतरायला मला फार वेळ लागला.